अंदाजपत्रक महिन्याचं नको, वर्षाचं करा

शिक्षक मित्रांनो, पालकहो, घरखर्च काय महिना बघून येतो? आपल्या वर्धा जिल्ह्यात सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे हाती येतो. बियाणं, खत, पोरांची वह्या-दप्तरं मात्र सगळी जूनमध्ये. मग उधारी, वर व्याज.

म्हणून आमच्या वहीत वर्षातून एकदाच येणारे खर्च आधी लिहितो : विम्याचा हप्ता, जूनची शाळा, पोळा, दिवाळी, नात्यातलं लग्न. यंदा बेरीज ४८,००० आली. भागिले १२, म्हणजे ४,०००. (चौथीच्या मुलांनाही जमेल!) तेवढे पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात, किराणा त्यानंतर. शेतीवरच घर असेल तर कापूस विकल्याबरोबर जूनचा वाटा बाजूला काढा.

रोजचा खर्चही लिहा, त्याशिवाय गळती दिसत नाही. ज्यांच्या सेवाग्रामला आपण सहल नेतो, ते गांधीजी लंडनला शिकताना पै-पैचा हिशेब ठेवत. त्यात गाडीभाडं फार दिसलं, तेव्हा त्यांनी पायी जाता येईल अशा ठिकाणी खोली घेतली. आमच्या वहीत गाडीभाड्याऐवजी मोबाईलचे रिचार्ज निघाले. माणसं चार, सिम पाच!