आमच्या घरचा हत्यारकोश

शब्दकोशात 'हातोडी' या शब्दापुढे 'खिळे ठोकण्याचे साधन' असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यानं आमच्या घरचा रविवार पाहिलेला नसावा! दर रविवारी अण्णा काहीतरी दुरुस्तीला काढतात. हत्यारं हातात देणं हे माझं काम. त्या अनुभवातून तयार झालेला हा कोश तुमच्या घराशी ताडून बघा.

हातोडी : खिळ्याशेजारचा अंगठा अचूक शोधणारं यंत्र.

खिळा : पहिला ठोका बसेपर्यंत सरळ असणारी वस्तू.

पाना : दहा नंबरचा हवा असला, की बारा नंबरचा सापडतो.

पक्कड : पाना न सापडल्यामुळे वापरायचं हत्यार. षटकोनी नट गोल करून देते.

स्क्रू : घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवला की घट्ट, उलटा फिरवला की सैल. स्टुलावर चढल्यावर काटे कुठल्या दिशेनं फिरतात, तेच आठवत नाही.

वॉशर : नळातली छोटीशी रबरी चकती. ती बदलण्याच्या घाईत टाकीचा कॉक बंद करायचा राहतो आणि स्वयंपाकघराला आंघोळ घडते.

टेस्टर : स्क्रू ड्रायव्हर हरवला की त्याच्या जागी राबणारा बिचारा!

हसलात ना? पण या बिचाऱ्याची गोष्ट नीट ऐका. टेस्टरच्या पोटात निऑनचा इवलासा दिवा असतो आणि एक रोधक असतो. मोठी माणसं टेस्टरच्या टोपीवर बोट ठेवतात, तेव्हा वीज खरोखरच त्यांच्या अंगातून जमिनीकडे जाते. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. तरी झटका बसत नाही, कारण तो रोधक अगदी नाममात्र प्रवाह पुढे सोडतो. अशा टेस्टरनं घट्ट स्क्रू पिळले, की त्याची मूठ तडकते. कधी तो उघडून पुन्हा जोडताना रोधकच बाहेर राहतो. मग वीज अडवायची कुणी?

शिवाय दिवा पेटला नाही म्हणजे वीज नाही, असंही समजू नये. टेस्टरच बिघडलेला असू शकतो! म्हणून तो आधी चालू प्लगमध्ये तपासायचा, आणि मेन स्विच बंद केल्यावरच कामाला हात घालायचा. अर्थात, हे सगळं मोठ्यांनी. तुम्ही विजेच्या वाटेला जायचं नाही.

आईनं आमच्या टेस्टरला लाल दोरा बांधलाय. त्याला स्क्रूपाशी न्यायला सक्त मनाई! कोशात एक नवा शब्दही आलाय :

मदतनीस : हत्यार हातात देण्याआधी "अण्णा, मेन बंद केलात ना?" असं न चुकता विचारणारा शहाणा प्राणी.