किरकोळ खर्च

भालकीला माझ्या मामांचे किराणा दुकान आहे. बी.कॉम.ला गेल्यापासून सुट्टीत त्यांच्या वह्या मी लिहितो. रोजकीर्दीत जवळजवळ रोज एक नोंद सापडे : 'किरकोळ खर्च'. आकडा चढत गेला, नाव तेच राहिले. ती व्हिस्कीची नव्वद मिलीची पाकिटे आहेत, हे मला ठाऊक होते. किती घेतली म्हणून मामीने विचारले की मामा म्हणत, "थोडीशी", शेजाऱ्याने विचारले की "स्वल्प, अष्टे". दोन भाषा येण्याचा एवढाच काय तो उपयोग!

मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखा होतो? मामीने एकदा वहीवर बोट ठेवून विचारले, "हे किरकोळ म्हणजे काय रे?" मी म्हणालो, "सुतळी, कागद, हमाली."

गेल्या वर्षी मामा पुण्याच्या 'मुक्तांगण'मध्ये राहून आले. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले हे केंद्र. परतल्यावर मामा म्हणाले, "दारू सोडतो असे मी शंभरदा म्हटले होते. मला सोडता येत नाही, हे चारचौघांत म्हणायला मात्र जीभ उचलेना."

पुढे मी 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'विषयी वाचले. १९३५ साली अमेरिकेत ही चळवळ दोन मद्यपींनीच उभी केली. तिच्या बारा पायऱ्यांतील चौथी म्हणजे स्वतःची निर्भीड झडती. १९३९ च्या त्यांच्या पुस्तकात तिला दुकानातील मालमोजणीची उपमा दिली आहे. ती मला फारच पटली. किडकी डाळ चांगल्या भावाने शिलकेत धरली की ताळेबंद गोड दिसतो, आणि दुकान बसते.

या दिवाळीत मामांनीच जुन्या वह्या पुढ्यात टाकल्या. "हा दुकानाचा खर्च नव्हे. दुरुस्त कर." शास्त्राप्रमाणे मालकाने स्वतःसाठी नेलेला पैसा 'उचल' होतो आणि तो भांडवलातून वजा पडतो. तीन रात्री आम्ही नोंदी फिरवीत बसलो. भांडवल किती उरले ते मामांनी मामीला मोठ्याने वाचून दाखवले. आषाढात एकदा त्यांचा पाय घसरला होता. ती नोंद त्यांच्याच अक्षरात होती : 'दारू, एक पाकीट, स्वतःसाठी.'

मामी बराच वेळ गप्प होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि सुतळी रे?"