सोडणे आणि सुटणे

इंग्रजी भाषेतल्या अवजड शब्दांची धास्ती बाळगण्याचे खरे म्हणजे काही कारण नाही. असा एखादा भारदस्त शब्द भेटला, की आपण कोश उघडतो, अर्थ पाहतो आणि निश्चिंत होतो. प्रतिष्ठित पाहुण्यासारखे हे शब्द एकदा ओळख झाली, की जन्मभर त्याच रीतीने वागतात. छळतात ती चिल्लीपिल्ली! 'गेट', 'पुट', 'टेक', 'गिव्ह' ही एकेकटी भेटली, तर किती गरीब वाटतात! पण शेजारच्या 'अप', 'ऑफ', 'आउट' यांच्याशी त्यांची गट्टी जमली, की पाहता पाहता सारी आळी डोक्यावर घेतात.

'गिव्ह अप'चेच पाहा. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर. तेव्हा 'गिव्ह अप' म्हणजे 'वर देणे' असे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले, तर त्या बिचाऱ्याला दोष कसा द्यावा? आमच्या पुराणांत भोळा शंकर ऊठसूट वर देतच असतो. आणि वर मिळालेला भस्मासुर त्याच्याच मागे लागला, म्हणजे इंग्रजी अर्थानेही 'गिव्ह अप' करण्याची पाळी त्याच्यावर येते!

या एका जोडशब्दाने इंग्रज माणूस किती कामे करून घेतो! तो विडी ओढणे 'गिव्ह अप' करतो, बसमध्ये म्हाताऱ्या बाईसाठी जागा 'गिव्ह अप' करतो. फरारी आरोपी पोलिसांपुढे स्वतःला 'गिव्ह अप' करतो, डॉक्टर रोग्याला 'गिव्ह अप' करतात, आणि कोडे सुटेनासे झाले, की मूल कंटाळून 'आय गिव्ह अप' म्हणते. आपल्याकडे या प्रत्येक प्रसंगाचे बिऱ्हाड निराळे. विडी आपण सोडतो, म्हातारीला जागा देतो. आरोपी पोलिसांच्या स्वाधीन होतो. डॉक्टर आशा सोडतात, उनाड पोरापुढे मास्तर हात टेकतात, मूल म्हणते, "हरलो बुवा, सांग आता!" इंग्रजीत उदार माणूस आणि हरलेला माणूस एकाच क्रियापदाच्या छत्रीखाली उभे राहतात. मराठी मात्र दारातच विचारते, की बाबा, तू दिलेस, सोडलेस की हरलास?

तरीही दोन्ही भाषांत एक गमतीचे नाते आहे. 'गिव्ह अप'मध्ये जसे देणे आहे, तसे आपल्या 'सोडून देणे' या संयुक्त क्रियापदातही आहे. 'सोड' म्हटले तर नुसती पकड सैल होते. 'सोडून दे' म्हटले, की मनाची गाठही सुटते. शेजारणीशी झालेला वाद आठवून धुमसणाऱ्या गृहिणीला नवरा म्हणतो, "अग, सोडून दे." 'सोड' एवढेच म्हणण्याची त्याची छाती होत नाही! इंग्रजांनी आणि आपण एकमेकांना न विचारता हे ओळखले होते, की हातची वस्तू शांतपणे सोडायची, तर तिच्यात थोडेसे दान मिसळावे लागते.

या दानाचा सर्वांत सुंदर पुरावा म्हणजे आपला 'पाणी सोडणे' हा वाक्प्रचार. दान देताना हातावरून उदक सोडावयाचे, म्हणजे त्या वस्तूवरचा हक्क संपला. पण आमच्या नगर जिल्ह्यात हा वाक्प्रचार जपून वापरावा लागतो. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी पाण्याची ओढ तीच आहे. येथे 'पाणी सोडले' म्हटले, की माणसे दानाचा नव्हे, धरणाचा विचार करतात. प्रवरेवरचे भंडारदरा धरण 1926 साली पुरे झाले, पुढे राहुरीजवळ मुळेवरचे धरण आले, आणि कालव्याच्या आवर्तनावर तालुकेच्या तालुके जगू लागले. 2005 च्या कायद्याने नदीखोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. तेव्हापासून टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून खाली जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा प्रश्न निघाला, की कालव्याकाठचा शेतकरी अस्वस्थ होतो. खालच्या मराठवाड्याची तहानही तितकीच खरी असते. एकाने पाणी सोडावे म्हणजे त्याने पिकावर पाणी सोडावे काय, हा त्याचा प्रश्न असतो. एकाच वाक्यात दोन्ही अर्थ असे समोरासमोर उभे ठाकलेले दुसरीकडे क्वचितच दिसतील.

आणि या शब्दापायी आमच्या नगरच्या किल्ल्यात एक प्राणही गेला आहे. 1595 च्या अखेरीस शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चांदबिबी स्वतः खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात तिने ते बुजवून घेतले. 1596 च्या तहात तिने वऱ्हाड दिले आणि नगर राखले. हे देणे शहाणपणाचे होते, आणि लोकांनी ते शौर्यातच जमा केले. 1600 साली मोगल पुन्हा आले. आता किल्ला लढवून टिकणार नाही हे तिने ओळखले आणि आतल्या माणसांचे प्राण वाचतील अशा बोलीवर तो स्वाधीन करण्याचा विचार चालवला. लगेच गडावर आवई उठली, की बाई फितूर झाली! तिच्याच माणसांनी तिला ठार केले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला तो पडलाच. तिच्या मनात 'देणे' होते, लोकांनी ते 'विकणे' असे वाचले. शब्दाचा अर्थ लावण्याची घाई किती महाग पडते, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

पण वऱ्हाड देणारी चांदबिबी असो, की विडी सोडणारा गृहस्थ असो, 'गिव्ह अप' म्हणायला हातात काहीतरी असावे लागते. 2015 साली केंद्र सरकारने स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान स्वेच्छेने सोडण्यासाठी 'गिव्ह इट अप' अशी मोहीम काढली, ती आपल्यासारख्या बऱ्या स्थितीतल्या कुटुंबांसाठी. ज्याच्याजवळ आहे तो सोडतो. ज्याच्या हातातून आपोआप निसटते त्याने काय म्हणावे? इंग्रजीचे हे क्रियापद येथे गप्प बसते. मराठी मात्र हळूच एक शब्द पुढे करते: 'सुटणे'.

दसरा झाला, की पाथर्डी-शेवगावकडच्या रस्त्यांवर ऊसतोड मजुरांच्या गाड्या दिसू लागतात. ज्या जिल्ह्यात 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पाया रचला गेला, त्याच जिल्ह्याच्या कोरडवाहू कडेची ही माणसे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. भांडीकुंडी, शेळी, पोरेबाळे, सारा संसार गाडीत चढतो, तो उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या फडाशेजारच्या कोपीत राहण्यासाठी. आपल्या घरी आकाशकंदील लागतो, तेव्हा त्यांच्या दारांना कुलपे लागतात.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर माझ्या वर्गातली एक मुलगी दिसेना. हुशार मुलगी, पहिल्या बाकावर बसायची. वार्षिक परीक्षेच्या सुमारास ती कागदपत्रांसाठी आली, तेव्हा मी विचारले, "काय ग, कॉलेज सोडलेस?"

ती म्हणाली, "सोडलं नाही सर. सुटलं."

आई आजारी पडली, कोयता अर्धा राहिला, म्हणून ही गेली. एवढेच तिने सांगितले. व्याकरणात आम्ही शिकवतो, की 'सोडणे' सकर्मक आणि 'सुटणे' अकर्मक. त्या भेदात एवढे आयुष्य मावते, हे त्या मुलीइतके स्वच्छ कोणत्याही व्याकरणकाराने सांगितलेले माझ्या वाचनात नाही.

गंमत पाहा, 'सुटी' हा शब्दही याच घरातला. संध्याकाळी घंटा होऊन शाळा 'सुटते', तेव्हा पोरे आनंदाने उड्या मारत बाहेर पडतात. आणि एखाद्या पोराची शाळा कायमची 'सुटते', तेव्हा कोणतीच घंटा होत नाही. फडाजवळ साखरशाळा निघाल्या त्या ही सुटलेली गाठ पुन्हा बांधण्यासाठीच.

आपल्या प्रत्येकाच्या कपाटात एक कागद जपून ठेवलेला असतो: 'शाळा सोडल्याचा दाखला'. त्यात 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. वर्षानुवर्षे कारकून तो दोन-तीन शब्दांत भरत आले आहेत. सरकारी कागदाला 'सुटणे' हे क्रियापद माहीत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक मूल आपल्या मर्जीने शाळा सोडून जाते. आपल्याला तरी ते माहीत असावे. 'शिक्षण अर्ध्यावर सोडले हो तिने' असे कुणाविषयी सहज म्हणण्यापूर्वी, ते तिने सोडले की सुटले, एवढे विचारायला काय हरकत आहे?