पास्काच्या दिवसांतली वाचनं

२२ एप्रिल २०२५, मंगळवार
पोप फ्रान्सिस काल गेले, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी. आजच्या मिस्सेत शुभवर्तमान आलं ते कबरीपाशी रडणाऱ्या मरिया मग्दालियेचं. येशू समोर उभा, आणि तिला वाटतं हा बागेचा माळी. तो नावानं हाक मारतो तेव्हा कुठे ओळख पटते. तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला २०१६ मध्ये फ्रान्सिस यांच्याच काळात प्रेषितांच्या तोडीच्या सणाचा दर्जा मिळाला. आज हे वाचन ऐकताना मन भरून आलं.

२३ एप्रिल
अम्माऊसची वाट. दोघं शिष्य वाटभर त्याच्याशी बोलतात, तरी ओळखत नाहीत. दिवस कलला म्हणून आग्रहानं घरी थांबवून घेतात आणि भाकर मोडताना डोळे उघडतात. अनोळखी माणसाला थांबवून घेतलंच नसतं तर? ही गोष्ट त्या आग्रहावर उभी आहे, असं मला वाटतं.

४ मे, रविवार
योहानाचा शेवटचा अध्याय, शिष्यांची मासेमारी. वसईच्या किनाऱ्यावर हे वाचन कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हातांनी परतणं म्हणजे काय, हे पाचूबंदरच्या कोळ्यांना पाठ आहे. मग १५३ मोठे मासे, तरी जाळं फाटत नाही.

माझं लक्ष मात्र विस्तवाकडे जातं. काठावर कोळसे पेटलेत, त्यावर मासे, शेजारी भाकर. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव याआधी एकदाच येतो, प्रमुख याजकाच्या अंगणात. तिथंच शेकत उभ्या पेत्रानं तीनदा सांगितलं होतं, मी त्याचा नव्हे. आता पुन्हा तसाच विस्तव. पण आधी न्याहारी होते, मग प्रश्न. माझ्यावर प्रीती करतोस का, तीनदा. तिसऱ्या वेळी पेत्र दुखावतो. येशू त्या रात्रीचा एका शब्दानंही उल्लेख करत नाही, कळप सोपवतो. क्षमा याहून मोठी असू शकेल असं मला वाटत नाही.

९ मे
काल रात्री साडेनऊनंतर रोममधून पांढऱ्या धुराची बातमी आली. नवे पोप लिओ चौदावे. आज प्रेषितांच्या कृत्यांत शौलाचं, म्हणजे पुढच्या पौलाचं, परिवर्तन. मला हनन्या मोठा वाटतो. छळ करणारा हाच, हे ठाऊक असून तो शौलाकडे जातो, डोक्यावर हात ठेवतो आणि त्याला भाऊ म्हणतो.

२६ मे, सोमवार
फिलिप्पैत नदीकाठी जमलेल्या बायका, त्यांत जांभळं कापड विकणारी लुदिया. बाप्तिस्मा घेते आणि पौलाला, त्याच्या सोबत्यांना आपल्या घरी राहायला लावते. ऐकूनच घेत नाही. फिलिप्पैतल्या मंडळीची सुरुवात या व्यापारी बाईच्या घरात झाली. प्रवचनात तिचं नावही आलं नाही, याचं वाईट वाटलं. भाजी, फुलं, मासळीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या लोकलनं मुंबई गाठणाऱ्या बायकांनी आमच्याकडची कितीतरी घरं उभी केली. त्यांच्या लेकीसुना आज बाकांवर बसल्या होत्या. लुदिया त्यांना सांगायलाच हवी होती.