उतारवयातली घोडी : वहीतली टिपणे

माथेरान. दस्तुरी नाक्यापलीकडचा एक तबेला. घोडी 22 वर्षांची, बरगड्या मोजता येतील इतकी उतरलेली.

"वय झालं डॉक्टर. खायची इच्छाच राहिली नाही तिची," मामा म्हणाले.

वैरणीभोवती पाहिलं तर चघळून टाकलेल्या गवताचे ओले बोळे पडले होते. म्हणजे इच्छा होती. घास तोंडात जात होता, पण चावता येईना म्हणून बाहेर पडत होता. बॅटरीच्या उजेडात तोंड तपासलं. गालांना आतून जखमा, जिभेच्या कडेला ओरखडे.

*

घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून वर सरकत असतात, वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर, आणि तेवढेच झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजायची राहते, तिला धार येते. वर्षातून एकदा, म्हाताऱ्या घोड्याला दोनदा, डॉक्टरांकडून तोंड बघून घ्यावं. गुंगीचं इंजेक्शन देऊन धार कानशीने घासता येते. तिशीकडे झुकलेल्या घोड्याच्या दाढा मात्र मुळापर्यंत संपलेल्या असतात. तिथे कानस काय करणार? तिथे खाणंच बदलायला हवं.

*

वय सांगणारा दात : वरच्या जबड्यात पुढच्या दातांपैकी अगदी कडेचा. साधारण 10 व्या वर्षी हिरडीपाशी त्यावर एक उभा चर दिसू लागतो, 15 ला निम्म्यावर येतो, 20 ला टोकाला पोहोचतो. पुढे वरून पुसत जातो. अंदाजच हा, पण विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा बरा.

*

खाणं. लांब कडबा बंद. बारीक कुट्टी आणि कोंडा, भरपूर पाण्यात भिजवून, दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा. हरभऱ्याची चंदी द्यायचीच तर चांगली भिजलेली, भरडलेली आणि बेताची.

न चावलेला कोरडा घास अन्ननलिकेत अडकला की नाकातून हिरवट फेस आणि चारा येतो. घोड्याला उलटी करता येत नाही. अशा वेळी बाटलीने तेल पाजतात, ते फुप्फुसात उतरतं. घोडे त्यानं दगावतात. खाणंपिणं समोरून काढावं, मान खाली राहू द्यावी आणि डॉक्टरांना बोलवावं. एवढंच करावं.

*

थंडीत म्हातारी जनावरं गार पाणी कमी पितात. घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागतं. लीद कोरडी, लहान गोळ्यांची पडू लागली की पोटशूळ जवळ आला समजावं. बादलीत कोमट पाणी ओतून ठेवावं.

*

जुना खोकला : वैरण भिजवून द्या, तबेल्यातली धूळ कमी करा. निम्मं काम तिथेच होतं.

*

एप्रिल उलटला तरी खराऱ्याने केस निघत नाहीत, अंगावर लांब, दाट लव तशीच. लोक याला तब्येतीचं लक्षण मानतात. वयस्क घोड्यात हा बहुधा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा बिघाड असतो, त्याचं नाव कुशिंग. पाठीचं मांस उतरतं, पोट सुटतं, तहान वाढते. पर्गोलाइडची गोळी रोज द्यावी लागते. आजार जात नाही, पण आटोक्यात राहतो.

या आजाराची भीती खुरांसाठी. खुराच्या आतला थर सुजतो, खूर गरम लागतो, घोडा पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतो. माथेरानच्या दगडी उतारावर असा घोडा चालवणं हा छळ आहे. त्याला मऊ जागेवर उभा करा, त्याच दिवशी डॉक्टर आणा, मग नालबंद. आणि गूळ बंद. पर्यटकांनी प्रेमाने दिलेली बिस्किटंसुद्धा बंद. साखर या घोड्यांच्या थेट खुरात उतरते.

*

गुडघे धरलेला घोडा दिवसभर बांधून ठेवला तर जास्त आखडतो. सपाटीवर सावकाश फिरवा. वेदनाशामक पूड मनाने देऊ नका, तिने आतड्याला व्रण पडतात, मूत्रपिंडंही जातात.

*

पुन्हा मामांचा तबेला. दाढा घासून तीन महिने झाले. शिंप्याच्या टेपने घोडीच्या छातीचा घेर मोजला : 4 सेंटिमीटर वाढलाय. वैरणीभोवती बोळे नाहीत. मामांनी तिच्यावर पुन्हा खोगीर चढवलेलं नाही.