पाणी दुथडी, संच बंद

रामपूर बुशहर मागे पडलं की रस्ता सतलजचा काठ धरून किन्नौरकडे चढू लागतो. जुलै सरत आलेला. नदी दुथडी भरून वाहत होती, रंग मात्र कालवलेल्या सिमेंटचा. एवढं पाणी पाहून वाटलं, खाली झाकरीच्या वीजघरात आज सुगी असणार.

"आज मशीनें बंद हैं, सिल्ट आई है," चहावाला पेले विसळता विसळता म्हणाला. त्याला त्यात नवल नव्हतं.

वर नाथपाला अडवलेलं पाणी २७.४ किलोमीटरच्या बोगद्यातून झाकरीच्या भूमिगत वीजघरात येतं. तिथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे सहा संच आहेत. बोगद्याआधी गाळ बसवायला चार प्रचंड दालनं आहेत, पण बारीक कण त्यांनाही चकवतात. गाळ ५,००० पीपीएमच्या वर गेला की संच थांबवतात. का, ते काठावरची चिमूटभर रेती बोटांत चोळल्यावर कळलं. अभ्रक चकाकत होता आणि गारगोटीचे कण काही केल्या चुरडत नव्हते. असं पाणी सुमारे सव्वाचारशे मीटर उंचीवरून आदळलं, तर पोलादी पाती झिजणारच. त्यांवर टंगस्टन कार्बाइडचा लेप देतात. तरी दुरुस्ती सुटत नाही.

वांगटूच्या पुढे दरी आवळत गेली. इथे करछम-वांगटू प्रकल्पाने वापरून सोडलेलं पाणीच पुढे नाथपाला मिळतं. वरच्याची अडचण खालच्याच्या दारात येते. कोयनेत एका पावसाळ्याचं पाणी साठवून वर्षभर पुरवता येतं. इथे साठा जेमतेम काही तासांचा. खरा साठा वर, बर्फाच्या रूपात.

तोच आता बेभरवशाचा झालाय. रेकाँग पिओला एक सफरचंदवाले काका म्हणाले, "पूर्वी जानेवारीत बर्फाने दार उघडायचं नाही. आता बर्फ उशिरा येतो आणि लवकर जातो." तापमान वाढतं तशा हिमनद्या आटतात, मागे सुटा दगडगोटा उरतो. बर्फ पडायचा तिथे पाऊस कोसळला की तोच राडा नदीत उतरतो. काही काळ वितळीचं पाणी वाढेल, पुढे कमी होत जाईल. हिवाळ्यात तर आजच सगळे संच दिवसभर चालवण्याइतका प्रवाह नसतो. धोका एवढाच नाही. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक हिमतलाव फुटला आणि १,२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचं धरणच वाहून गेलं.

पिओत २०२१ साली तरुणांनी "नो मीन्स नो" म्हणत नव्या प्रकल्पांना विरोध केला. त्यांच्या सगळ्याच मागण्या पटोत न पटोत, त्यांची शंका रास्त आहे. कोळसा टाळायचा तर जलविद्युत हवीच. पण गेल्या पिढीतल्या नदीचे आकडे धरून पुढच्या पन्नास वर्षांचं धरण बांधू नये. आधी वरचा बर्फ, हिमतलाव आणि गाळ मोजा. परवान्याचं नंतर बघू.