पाणबुडीसाठी पंप

बोट तरंगत ठेवण्याची विद्या फार जुनी; ती हवी तेव्हा बुडवणे आणि हवी तेव्हा वर आणणे, ही त्या मानाने अलीकडची. माझ्या नातवाने ही दुसरी विद्या हाती धरली आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेलेली आणि १९९२ साली नौदलात दाखल झालेली ‘शल्की’ ही आपल्या देशात तयार झालेली पहिली पाणबुडी. तिची लांबी सुमारे ६४ मीटर. नातवाचे प्रमाण एकास चौसष्ट, म्हणजे प्रतिकृती एक मीटरची. वसईतल्या आमच्या ओटीवर गेले वर्षभर ती तुकड्यातुकड्यांनी आकार घेत आहे. माझी नोकरी एका कापड गिरणीच्या कॉम्प्रेसर खात्यात झाली. त्यामुळे हवेचा कारभार आपसूकच माझ्याकडे आला.

खऱ्या पाणबुडीत प्रचंड दाबाची हवा बाटल्यांत साठवलेली असते. टाक्यांत पाणी घेतले की ती बुडते. हवेने ते पाणी बाहेर लोटले की वर येते. एवढ्याशा प्रतिकृतीत असल्या बाटल्या बाळगणे म्हणजे घरात विस्तव जपण्यासारखे. म्हणून आम्ही साधी युक्ती पत्करली. सांगाड्याच्या आत एक जलरोधक नळकांडे. त्यात बॅटरी, मोटर, रेडिओ. नळकांड्याबाहेर, पाण्यात, एक रबरी पिशवी. वर यायचे असेल तेव्हा पंपाने नळकांड्यातली हवा पिशवीत भरायची. पिशवी फुगून तेवढेच पाणी बाजूला सारते. बुडायचे असेल तेव्हा झडप उघडायची. पाण्याचा दाब पिशवी चेपतो आणि हवा नळकांड्यात परतते. हवा तीच, नुसती या खोलीतून त्या खोलीत जाणारी.

ऐकायला सोपे वाटणारे हे काम पंपाला मात्र दोन्हीकडून पिळते. आमच्या नळकांड्यात मोकळी हवा २ लिटर, पिशवीत जायची ३०० मिलिलिटर. एवढी हवा काढली की मागे उरलेल्या हवेचा दाब सुमारे सहाव्या हिश्श्याने उतरतो आणि पंपाला ओढणे जड जाते. त्यातच पाणबुडी एक मीटर खोल असेल, तर पुढून पाण्याचा, दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅमचा, विरोध असतो. दोन्ही मिळून पाव किलोच्या जरा वर. आमच्या गिरणीत सहा-सात किलोच्या खाली कोणी दाब म्हणतच नसे! पण बोटभर पंपाला हा पाव किलोही थोडा नाही.

नातवाचा पहिला डोळा गाडीच्या चाकात हवा भरण्याच्या पंपावर होता. दाब हवा त्याच्या कितीतरी पट, पण वीज इतकी खाणारा की आमची बॅटरी दोन-चार डुबक्यांतच मान टाकती. शिवाय वजन आणि खडखडाट. माशांच्या पेटीतला पंप त्याच्या उलट. स्वभावाने गरीब, परंतु तो घरच्या विजेवर, चुंबकाच्या थरथरीने चालतो, बॅटरीवर चालत नाही. सेलवर चालणारे त्याचे भावंड मिळते, पण त्याचा जोर फूट-दीड फूट पाण्यातच संपतो.

मग नातवाने कागदावर लिहिले : ६ व्होल्ट, लहान, कमी आवाज, दाब पाव किलोहून अधिक. लिहून झाल्यावर तो गप्प बसला. असा पंप कुठे आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत दाब चढवू शकते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ४०० ग्रॅम. तसे यंत्र आमच्या कपाटात तीन वर्षे पडून होते. माझ्या पत्नीच्या शेवटच्या दोन वर्षांत रोज सकाळी तिच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि वहीत आकडे टिपायचे, हे काम या पोराचेच होते. शाळेच्या घाईतही त्याने ते चुकवले नाही.

“आजोबा, नवा आणू या,” तो म्हणाला. म्हणणे रास्त होते. लॅमिंग्टन रोडवर असले सुटे पंप मिळतात. मीही दोन दिवस होकार-नकार काही दिला नाही. तिसऱ्या दिवशी यंत्र बाहेर काढले, तेव्हा पट्ट्याची नळी वाकवताच तिच्यावर बारीक चिरा दिसल्या. रबर वापरले नाही तरी म्हातारे होतेच. आणखी दोन पावसाळ्यांनी पंपातले पडदेही गेले असते. ती वही मी कपाटात परत ठेवली आणि पेचकस मागितला. नातवाने तो दिला, पण पहिला स्क्रू माझ्याकडूनच काढून घेतला.

आत अंगठ्याएवढी मोटर आणि तिच्या डोक्यावर रबरी वाट्या. शेजारी एक विजेची झडप. ही झडप मोठी मजेदार! वीज असेल तोवर ती बंद राहते. वीज गेली की आपोआप उघडते. रुग्णासाठी हे योग्यच; सेल संपले तर दंड आवळलेला राहायला नको. पाणबुडीत मात्र हीच दयाबुद्धी घात करील : बॅटरी संपली की पिशवी रिकामी आणि पाणबुडी तळाशी. ती झडप आम्ही बाजूला ठेवली. त्याऐवजी एक छोटी मोटर नळी चिमटते. वीज गेली तरी चिमटा जागच्या जागी. पट्ट्यातली पिशवी शाबूत होती. तीत पाणी भरून मोजले, ३२० मिलिलिटर भरले. नळी तेवढी नवी घातली.

अंगणातल्या टाकीत तारेवर चाचणी झाली. बुडायला ९ सेकंद, वर यायला २६. पंपाचा तो ओळखीचा गुंजारव पाण्यातून ऐकू आला तेव्हा सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. कोणी काही बोलले नाही. नातू घड्याळाकडे पाहून आकडे टिपत होता.

गावच्या बावखलात ती सोडणे अजून बाकी आहे. हल्लीच्या खेळण्यांचे २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ पाण्याखाली मुके होतात. त्यासाठी जुन्या, कमी कंपनांच्या पद्धतीचा संच हवा. तो कोणाच्या माळ्यावर पडला असेल याची चौकशी सध्या नातू घरोघर करीत आहे.